पेटीत टाकलेला रिकामा लिफाफा

ताई,

वर्ष होऊन गेलं, मी दर आठवड्याला एका ध्यानमंडळात जाते. आई गेली, त्यानंतरच्या दिवसांत एका मैत्रिणीने मला तिथे नेलं. पहिल्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. शेजारच्या बाईंनी आपली बैठक सरकवून मला जागा करून दिली आणि मी तासभर नुसती रडले. तिथे शुल्क नाही. दाराजवळ पेटी आहे, तिच्यावर 'यथाशक्ती' एवढंच लिहिलंय. नोकरी होती तोवर मी न चुकता काहीतरी टाकत होते. तीन महिन्यांपूर्वी नोकरी गेली आणि तेव्हापासून त्या पेटीजवळून जाताना पाय अडखळतो. मागच्या खेपेला तर मी चक्क रिकामा लिफाफा टाकला, कारण मागे लोक उभे होते. त्यातच मंडळाच्या ग्रुपवर नव्या जागेसाठी देणाऱ्यांची यादी आली, नाव आणि पुढे रक्कम. एक ज्येष्ठ साधिका मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "थोडं सोडून बघ, अडलेलं सुटतं." नवरा म्हणतो, जगात फुकट काही नसतं, हा गळ आहे. मला ती जागा सोडवत नाही. पण न देता जाणं हा फुकटेपणा नाही का? आणि द्यायचं तर किती?

एक साधिका

प्रिय साधिका,

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. जा. या आठवड्यातही जा, आणि पेटीत काहीही टाकू नका. लिफाफाही नको.

तुमच्या पत्रात माझं मन त्या लिफाफ्यापाशीच अडलं. घरातून निघताना तुम्ही तो पर्समध्ये ठेवला असणार, म्हणजे हे दाराशी अचानक सुचलेलं नाही. पैसे नाहीत याची लाज तुम्ही घरूनच सोबत नेलीत आणि ती चिकटवून पेटीत टाकलीत. गंमत बघा, पेटी बंद असते, लिफाफाही बंद असतो, तुम्ही काय टाकलं हे कुणालाच कळणार नव्हतं. तरी टाकलं की नाही हे मात्र मागच्या रांगेला दिसतं. सगळा दाब त्या दिसण्यात आहे.

नेदरलँड्समधल्या तीस चर्चमध्ये याच गोष्टीचा एक प्रयोग झाला होता, 2005 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. तिथे दानासाठी बंद पिशवी फिरवायची रीत होती. काही वेळा त्या पिशवीच्या जागी उघडी टोपली फिरवली, म्हणजे शेजाऱ्याला आपलं नाणं दिसणार. चर्चच्या स्वतःच्या खर्चासाठीच्या दानात फरक पडला नाही. बाहेरच्या सत्कार्यांसाठीचं दान मात्र सुरुवातीला सुमारे 10 टक्क्यांनी वाढलं आणि टोपलीत मोठी नाणी पडू लागली. पुढे पुढे ती वाढ ओसरली, कारण माणसं टोपलीलाही सरावली. श्रद्धा तीच, माणसं तीच, बदललं ते फक्त दिसणं. तेव्हा तुमचा पाय अडखळतो तो तुमच्या मनाच्या कोतेपणामुळे नव्हे. पेटी अरुंद दाराशी आणि लोक मागे उभे, अशा ठिकाणी कुणाचाही अडखळेल. मंडळाला सांगून ती पेटी आतल्या एखाद्या कोपऱ्यात हलवता आली तर निम्मं काम तिथेच होईल. हे तुम्ही नाही सांगितलंत तरी चालेल, पण कुणीतरी सांगायला हवं.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. ते निम्मे बरोबर आहेत आणि निम्मे चूक.

चूक कुठे, ते आधी. गळ असता तर तो पहिल्या दिवशीच ओढला गेला असता. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या विमानतळांवर एका भक्तिसंप्रदायाची मंडळी प्रवाशाच्या हातात आधी फूल ठेवायची, ते परत घ्यायला नकार द्यायची आणि मग देणगी मागायची. आधी घेतलेलं अंगावर ठेवणं माणसाला जड जातं, त्या जडपणावर तो सगळा व्यवहार चालायचा. लोक पैसे द्यायचे आणि चार पावलांवर फूल कचऱ्यात टाकायचे. तुमच्या मंडळात तुम्हाला जागा मिळाली तेव्हा पेटीकडे कुणी बोट दाखवलं नाही, आणि त्यानंतर वर्ष गेलं. एवढी सबुरी असलेला गळ मी तरी पाहिलेला नाही. पण घेतल्याचा जडपणा मात्र तुमच्या मनात अगदी तसाच काम करतोय, फूल देणाऱ्याचा हेतू निर्मळ असला तरीही. त्या बाईंनी बैठक सरकवली ती तुमची उधारी म्हणून त्यांनी कुठे लिहून ठेवलेली नाही. लिहून ठेवलीय ती तुम्ही.

बरोबर कुठे, तर जागेचं भाडं, वीज, सतरंज्यांची धुलाई हे सगळं कुणीतरी भरतंच. 'आमच्याकडे पैशाचा विषयच नसतो' असं अभिमानाने सांगणाऱ्या मंडळांबद्दल मला विशेष आदर वाटत नाही, खरं सांगते. पैशाचा विषय नसतो म्हणजे तो दोन-चार जणांच्या खिशात असतो, आणि बाकीच्यांना आपण किती ओझं टाकतोय याचा अंदाजच येत नाही. मग संवेदनशील माणूस गरजेपेक्षा जास्त देतो किंवा लाजून येणंच बंद करतो. निबर माणसाला काही फरक पडत नाही. महिन्याचा खर्च किती, जमले किती, एवढं भिंतीवर लावलं तर 'यथाशक्ती' या शब्दाला काही आधार मिळतो. नाहीतर तो शब्द अंधारात ठेवलेल्या पायरीसारखा, ज्याला दिसत नाही तोच ठेचकाळतो.

ऐच्छिक देणं खरोखर ऐच्छिक आहे का, हे ओळखायची माझी एक खूण आहे. ते कसं मागतात हे मी फारसं बघत नाही. गोड शब्दांत मागणं सोपं असतं. ते काय घ्यायला नकार देतात, ते बघते.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं उदाहरण घ्या. दारू सोडू पाहणाऱ्या माणसांची ही संघटना स्वतःला धर्म म्हणवत नाही, पण चालते आध्यात्मिक पायावर. 1938 साली तिच्या संस्थापकांनी धनाढ्य जॉन रॉकफेलर (धाकटे) यांच्याकडे मदतीची अपेक्षा केली होती. सुचवलेला आकडा 50,000 डॉलरचा होता. त्यांनी 5,000 दिले आणि पैशाने हे काम बिघडेल अशी भीती व्यक्त केली. तेव्हा संस्थापक हिरमुसलेच असतील. पण पुढे या संघटनेने तीच गोष्ट आपली परंपरा म्हणून लिहून घेतली: प्रत्येक गटाने स्वतःच्या सदस्यांच्या पैशावर चालावं, बाहेरची देणगी नाकारावी. सदस्यत्वाला शुल्क किंवा वर्गणी नाही, हे कित्येक बैठकांत सुरुवातीलाच मोठ्याने वाचतात, म्हणजे नवख्याला मनातल्या मनात हिशेब करत बसावं लागत नाही. मध्यवर्ती मंडळाला एका सदस्याने वर्षाला किती द्यावं यालाही त्यांनी वरची मर्यादा घातलेली आहे. वरची, हं. कमीत कमी किती, असं नाही.

सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतल्या विपश्यना शिबिरांत राहण्या-जेवणाचेही पैसे घेत नाहीत, आणि ज्याने एकही दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेलं नाही त्याच्याकडून दान स्वीकारत नाहीत. आधी अनुभव घ्या, पटलं तर पुढच्या माणसासाठी द्या, असा तो क्रम. बहाई धर्माच्या निधीत फक्त बहाईंनाच देता येतं. बाहेरच्या कुणाला कितीही प्रेमाने द्यावंसं वाटलं तरी नाही. आणि कोणी किती दिलं हे गुप्त ठेवतात. या तिन्ही ठिकाणांचं सगळंच मला पटतं असं नाही. पण तिघांनीही एकेक दार पैशासाठी बंद ठेवलंय, आणि नवा माणूस त्या बंद दारामुळेच निवांत बसू शकतो.

तुमच्या मंडळाने असं कुठलं दार बंद ठेवलंय? पत्रावरून मला दिसत नाही. ते वाईट आहेत म्हणून नव्हे, कुणी हा विचारच केला नसेल म्हणून. छोट्या मंडळांचं असंच होतं. चांगली माणसं एकत्र येतात, वर्षं जातात, मंडळ वाढतं, जागा अपुरी पडते, आणि मग एक दिवस कुणीतरी उत्साहाने यादी टाकतं.

त्या यादीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. ती चुकीची आहे. देणाऱ्यांचे आभार मानायचे असतील तर ज्याचे त्याला खासगीत मानावेत. नाव आणि पुढे रक्कम लिहिली की जे दिसतं ते कोणी दिलं हे नसतं, कोणी दिलं नाही हे असतं. तुम्ही ती यादी वाचताना नेमकं तेच वाचलंत. ही जाण फार जुनी आहे. जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरात एक खोली होती म्हणे, तिथे देणारे गुपचूप ठेवून जात आणि चांगल्या घरातले पण अडचणीत आलेले लोक तिथूनच गुपचूप घेऊन जात. बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या, त्यात देणारा आणि घेणारा एकमेकांना अजिबात ओळखत नाहीत ती पायरी वरून दुसरी. सगळ्यात वरची पायरी कोणती, तर समोरच्याला काम मिळवून देणं किंवा त्याच्या धंद्याला हात देणं, म्हणजे त्याला मागावंच लागू नये. तुमच्या मंडळातल्या कुणाला तुमच्या नोकरीसाठी चार ठिकाणी शब्द टाकता आला, तर तो नव्या जागेच्या निधीपेक्षा मोठा धर्म ठरेल. आपल्याला काम हवंय हे तिथे कुणाला सांगितलंय का तुम्ही? मला वाटतं, नाही. जिथे रडायची लाज वाटली नाही तिथे हे सांगायची का वाटावी?

आजकाल पैसे फोनवरून जातात, त्यामुळे पेटीची बंद झाकणंही राहिली नाहीत. खजिनदाराला नाव, रक्कम, तारीख, सगळं दिसतं. ते टळणार नाही. पण खजिनदाराला दिसणं आणि ग्रुपवर सगळ्यांना दिसणं यांत फरक आहे, आणि तो पाळणं त्यांच्या हातात आहे. हे त्यांना सांगायला भांडण नको. एवढं लिहिलंत तरी पुरे: "यादीत नाव-रक्कम नसावी असं मला वाटतं. सध्या ज्यांना जमत नाही त्यांना येताना अवघडल्यासारखं होतं, माझंच उदाहरण आहे. आणि महिन्याचा जमाखर्च सगळ्यांना कळला तर बरं होईल." हे त्यांना एकट्याला पाठवा, ग्रुपवर नको. उत्तर काय येतं आणि कशा सुरात येतं, ते नीट वाचा. सरळ मंडळ असेल तर खजिनदाराला ओशाळल्यासारखं होईल आणि यादी पुसली जाईल. "तुमचा विश्वास कमी पडतोय" असं काही आलं, तर मला पुन्हा लिहा, मग आपण तुमच्या मिस्टरांना अर्धे नाही, पाऊण गुण देऊ.

आता त्या ज्येष्ठ साधिका. 'थोडं सोडून बघ, अडलेलं सुटतं.' तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात न आवडलेलं वाक्य हे. त्यांनी ते मायेने म्हटलं असेल, त्यांच्या आयुष्यात कदाचित कधी तसं घडलंही असेल. पण नोकरी गेलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे तिच्या अडचणीचं खापर तिच्याच मुठीवर फोडणं. शिवाय यातून सुटका नाही: दिलं आणि सुटलं नाही, तर कमी दिलं असेल किंवा मनापासून दिलं नसेल, असं म्हणायला जागा राहतेच. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींसाठी पहिल्या-दुसऱ्या शतकात लिहिलेली 'डिडाखे' नावाची एक छोटी नियमावली आहे. तिच्यात फिरत्या उपदेशकांची पारख कशी करायची ते सांगितलंय. अंगात आल्याच्या भरात 'मला पैसे द्या' म्हणणाऱ्याचं ऐकू नका; पण दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नका. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीही लोकांना हा फरक करावा लागत होता, म्हणजे दुखणं जुनंच आहे. त्या बाईंना तुम्ही एवढंच म्हणा, "मावशी, सध्या हात तंग आहे, देणं जमेल तेव्हा बघेन." वाद घालू नका. पुन्हा म्हणाल्या तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही म्हणाल्या तर बसायची जागा बदला, मंडळ बदलायची गरज नाही.

मंडळ बदलायची वेळ कधी येते, तेही सांगून ठेवते. पैसे मंडळाच्या खात्याऐवजी एखाद्या व्यक्तीच्या खात्यात मागितले गेले. देण्यासाठी कर्ज काढायला किंवा दागिने मोडायला कुणी सुचवलं. घरी सांगू नका म्हणाले. जास्त देणाऱ्याला गुरूंच्या जवळची जागा किंवा 'पुढची' दीक्षा मिळू लागली. किंवा तुम्ही काही महिने दिलं नाहीत आणि बोलण्यातला ओलावा आटला. यातलं काहीही दिसलं की विचार करत बसू नका, निघा. शेवटची गोष्ट ओळखायला सगळ्यात अवघड, कारण लाजलेल्या माणसाला नसलेला थंडपणाही जाणवतो. पण तुम्ही तीन महिने दिलेलं नाही. त्या बैठक सरकवणाऱ्या बाई अजून सरकवतात का? त्यावर भरवसा ठेवा.

राहता राहिलं, किती. ख्रिस्ती आणि ज्यू परंपरेत दहावा हिस्सा सांगितलाय, शिखांमध्येही दसवंध आहे. इस्लाममध्ये जकात 2.5 टक्के, पण ती मिळकतीवर सरसकट नाही. ठरावीक मर्यादेच्या वर, वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर. ज्याची पुंजी त्या मर्यादेखाली आहे त्याला जकात लागूच नाही, उलट गरजवंत असेल तर तो ती घेण्याचा हकदार. अनिवार्य दानातही त्यांनी खाली एक रेषा आखून ठेवलीय, मग ऐच्छिक दानात तुम्ही स्वतःसाठी ती का आखू नये? तुमची रेषा मी आखते: घरखर्च, हप्ते आणि सहा महिन्यांची गंगाजळी यांच्या वर जे उरेल त्यातूनच. आज काही उरत नाही, म्हणून आज शून्य.

नोकरी लागली की रक्कम घरी बसून ठरवा, मिस्टरांना विचारून, महिन्याच्या सुरुवातीला. ध्यान संपल्यावर डोळे ओले असताना कधीही ठरवू नका. त्या वेळी माणूस घरदार देऊन टाकेल आणि सकाळी पस्तावेल. रक्कम इतकी असू द्या की देऊन विसरता येईल. ती वाढवायची तर वर्षाने, एका भावविवश संध्याकाळी नाही.

आणि कृपा करून, पैसे नाहीत म्हणून सतरंज्या घालण्यापासून भांडी विसळण्यापर्यंत सगळं अंगावर घेऊ नका. आवडतं म्हणून करा, हातभार म्हणून करा, सगळे उठले तर तुम्हीही उठा. पण भरपाई म्हणून सेवा करायला लागलात की तो दुसरा रिकामा लिफाफा होतो, आणि बायकांच्या बाबतीत तर तो कधी संपतच नाही. पुरुष देणगी देतात आणि बायका आवरतात, असं जिथे दिसतं तिथे जमाखर्चात बायकांचे तासही लिहायला हवेत असं माझं जुनं म्हणणं आहे. पण तो विषय पुन्हा कधीतरी.

मिस्टरांना एकदा सोबत घेऊन जा. ते डोळे मिटून बसणार नाहीत, हरकत नाही, भिंतीवरचा जमाखर्च वाचतील. तो अजून लावलेला नसेल तर तो मागायला त्यांच्यासारखा माणूस बराच उपयोगी पडतो.

आणि एक गोष्ट पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिली नाहीत, पण मनात असणार: नोकरी लागल्यावर या तीन महिन्यांचं साचलेलं भरायचं का? नाही. साचलेलं काही नाही.